आण्णांचं भिंग आणि पलटणीचे बिल्ले

जुने लष्करी बिल्ले जमवायला लागलं, की बिल्ल्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. बिल्ल्यांतले निम्मे नकली निघतात. किस्से मात्र सगळे अस्सल. कोल्हापुरात आम्ही तिघं दर रविवारी आण्णा चौगुल्यांच्या कापडदुकानात बसतो. मी बँकेतून रिटायर, देशिंगे सर इतिहासाचे मास्तर. भिंग आण्णांच्या हातात, आणि शब्दही त्यांचाच शेवटचा.

सरांनी एकदा ऑनलाइन बिल्ला मागवला. महायुद्धातला, ब्रह्मदेशच्या जंगलात सापडलेला, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पुरावा म्हणून खाचांतली माती तशीच ठेवलेली. आण्णांनी काडीनं माती उकरली, भिंगातून पाहिली आणि म्हणाले, "सर, माती अस्सल हाय."

बिल्ल्याबद्दल सरांनी विचारलंच नाही.

मग एक बिल्डर आला. नव्या बंगल्याच्या हॉलसाठी त्यानं एकाच पलटणीचे डझनभर बिल्ले फ्रेम करून घेतले होते. आण्णांनी दाखवलं, की प्रत्येकावरच्या बिगुलाच्या चित्राला टोकाशी तोच ओरखडा आहे, म्हणजे सगळे एकाच साच्यातून ओतलेले, नकली; खरे ठशानं दाबून काढलेले असतात. बिल्डर फ्रेमकडं कौतुकानं बघत म्हणाला, "म्हणजे सगळे एकाच लढाईत होते म्हणा की."

सरांना जयसिंगपूरच्या एका भंगारवाल्याकडं मात्र खरा मिळाला. काळपट, कडा झिजलेला, आण्णांनी मान्य केलेला. दिवाळीत वहिनींनी समईबरोबर तोही चिंच-मिठानं घासून लखलखीत केला. सर त्या दिवशी जेवले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "आता कुठं खऱ्यासारखा दिसतोय."

आण्णांना खोटं बोलता येत नाही, ही त्यांच्या घरच्यांची तक्रार. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी आजोबांचा बिल्ला छातीवर लावला होता. हार घालता घालताच आण्णा म्हणाले, "हा ओतीव हाय, पावणं." सून गुणाची, म्हणून निभावलं.

मागं एकदा कबनूरहून सत्तरीच्या एक बाई आल्या. त्यांचे वडील महायुद्धात शिपाई होते. वडिलांच्या टोपीवरचा बिल्ला त्यांनी पदराच्या गाठीतून काढला. इतकी वर्षं तो त्यांच्याकडंच होता. पण कुणीतरी तो दुर्मिळ असेल म्हटल्यापासून दोघं भाऊ त्यावरून भांडत होते. खरा ठरला, तर विकून वाटणी करायची म्हणत होते.

आण्णांनी बिल्ला उलटा केला. मीही वाकून पाहिलं. ठशानं दाबून काढलेला, पुढचं चित्र मागं खोलगट उमटलेलं, कडा बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या. आण्णा आयुष्यभर जो शोधत होते, तोच. ते बराच वेळ भिंग लावून बसले. बाई बिल्ल्याकडं बघत नव्हत्या, आण्णांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"नक्कल हाय, आक्का," आण्णा म्हणाले. "कोण घेणार न्हाय. भावांस्नी सांगा, मी बोललो म्हणून."

बाईंनी बिल्ला कपाळाला लावला, परत पदरात बांधला आणि पायरी उतरून गेल्या.

सर काहीतरी बोलायला लागले. आण्णांनी भिंग पुसून डबीत ठेवलं आणि मला म्हणाले, "चहा सांगा."