कंधारच्या बुरुजावरची उडी

नांदेडहून एसटी सुटली तेव्हा मांडीवर पटकथा होती आणि डोक्यात एक उडी. मोबाइलच्या खेळातली नायिका आहे, दुर्गी. शत्रू मागे लागले की ती बुरुजावरून खंदकात झेप घेते. तिच्यावर सिनेमा निघतोय आणि तो मी लिहितेय. पोरं त्या झेपेसाठीच तिकीट काढतील, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. म्हणून जागा बघायला मला धाडलं होतं.

कंधारच्या किल्ल्याच्या दारात शबाना भेटली. ती औशाची, नटीच्या ऐवजी उड्या मारणारी. पडद्यावर चेहरा नटीचा आणि मोडणारी हाडं हिची. बुरुजावर माझी चप्पल निसटली ती थेट खंदकात गेली आणि शेवाळावर पडून राहिली, बुडेचना! मला हसू आलं. शबाना हसली नाही. तिनं एक धोंडा खाली टाकला आणि कान दिला.

"पाणी लई न्हाई, ताई. पण मारते मी. दिग्दर्शकांना 'हाव' म्हणून बसलेय, शब्द दिलाय."

"अगं बाई, जीव जाईल!"

"या उडीनं तरी लोक माझं नाव विचारतील."

लिहिणाऱ्याचं काय जातंय? एका ओळीत उडी लिहून मी मोकळी झाले होते. अनवाणीच बाजारात आले, नवी चप्पल घेतली. शबाना घरी जेवायला चला म्हणाली, म्हणून आम्ही लातूरची गाडी धरली.

औशाला तिच्या घरी अम्मीनं खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ, आंबट कालवण) वाढला. मी दोनदा मागून घेतला. अम्मी समोर बसून होत्या.

"बाई, खेळातली ती पोरगी मेली तरी पुन्हा उठती म्हणे?"

"हो. खेळ पहिल्यापासून सुरू होतो."

"माझी न्हाई उठायची."

शबाना ताटावरून उठली. "अम्मी, तू माझं काम बंद करून राहिलीस!"



लातूरहून परतताना रेल्वेत मी उडी खोडली. आता दुर्गी बुरुजाच्या कडेशी थांबते, धोंडा टाकून कान देते आणि दोराला धरून उतरते. दिग्दर्शक फोनवर तडकले, "खेळात झेप आहे हो!"

"खेळात तिला तीन जीव आहेत," मी म्हटलं. बऱ्याच कुरकुरीनंतर ते कबूल झाले. एक जीव वाचवला म्हणून मी मनातल्या मनात मिरवलेही.

घरी पोचले आणि शबानाचा फोन आला. दिग्दर्शकांनी तिला कळवलं होतं.

"ताई, उडी काढली ती काढली. दोरावरून उतरताना तरी तोंड दिसू द्या माझं."

तिथंही नटीचंच तोंड दिसणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी "बघते" म्हणाले. फोन ठेवला आणि रडू आलं.