पाच वर्षांची दारू आणि माझं नाक

तापातून उठले त्याला तीन महिने झाले होते, आणि माझं नाक मेलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. किहीमला आमची घरगुती खानावळ. बाजारात मी कल्ला उचलून हुंगला आणि मासा पिशवीत टाकला, की मागच्या चार बायका डोळे मिटून त्याच पाटीतून घेणार. आता ते नाक गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? माशाचे डोळे बघायचे, बोटानं दाबायचं आणि हुंगल्याचं सोंग करायचं, असं रेटत होते.

त्या रविवारी धाकटा दीर बोटीवरून सुट्टीला आला, तो स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की घेऊनच. गॅसवर बांगड्यांचं कालवण रटरटतंय, एक वाजता सहा पाहुणे जेवायला येणार, आणि ह्याला भरदुपारी ओटीवर बाटली उघडायची हौस!

"पाचच वर्षांची आहे, कोवळी," तो म्हणाला. "पण गरीब समजू नका, अठ्ठावन्न टक्के अल्कोहोल आहे. तिकडे दलदलीतली माती सुकवून जाळतात, पीट म्हणतात तिला. तिच्या धुरावर धान्य वाळवतात. वहिनी, आधी तू हुंग. बघू तुझं नाक काय सांगतं."

नवरा कौतुकानं माझ्याकडेच बघत होता. मी ग्लास नाकाशी नेला. नाकपुड्या चुरचुरल्या, डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र काही नाही.

"चुलीचा धूर," मी ठोकून दिलं.

"ते तर मीच सांगितलं. आणखी?"

"आणखी काय? परीक्षा घेतोस होय रे माझी?" मी खेकसले आणि काढा प्यावा तसा अख्खा घोट घशात ओतला. छातीपर्यंत आग गेली. ठसका थांबेना.

"अगं, चाखायची असते ती!" दीर पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

तेवढ्यात नवऱ्यानं आपला ग्लास हुंगला आणि मान झटकन मागे घेतली. "बाप रे! सुकट भाजल्यासारखा वास येतोय. वर दवाखान्याचा. एवढा भपकारा, आणि तुला आला नाही?"

मला रडूच फुटलं. "नाही आला. कशाचाच येत नाही. त्या तापापासून."

वाटलं, आता चिडेल, इतके दिवस लपवलंस म्हणेल. पण त्याचा चेहरा पडला. ग्लास तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात धावला आणि आधी गॅस बंद केला. मी मागोमाग गेले.

"सकाळी धुतानाच वास आला होता मला ह्या बांगड्यांना," तो म्हणाला.

"मग तोंड का नाही उघडलंत?"

"तू घेतले होतेस ना. म्हटलं, माझंच नाक बिघडलं असेल."