व्हर्लीनच्या घराचा रस्ता

ऑर्व्हल डीर्क्सने उभी हयात ग्रेडर नावाच्या पात्याच्या यंत्राने लिंडनाउ टाउनशिपचे रस्ते सपाट करण्यात घालवली. इलिनॉयमधला हा सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन. दर मैलाला एक रस्ता, दोरी धरून आखल्यासारखा सरळ. एक ओढा तेवढा कुणाला न जुमानता तिरपा वाहायचा आणि आडव्या येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला पूल बांधायला लावायचा.

मूळची ही सगळी दलदल. जर्मनीहून आलेल्या ऑर्व्हलच्या आजोबांच्या पिढीने भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरल्या, पाणी ओढ्यात काढून दिलं, तेव्हा कुठे मका उभा राहिला. मग चौरस्त्यावर लोण्याचा कारखाना निघाला, शाळा झाली, आगगाडी थांबू लागली. ऑर्व्हलच्या डोळ्यांदेखत एकेक करून ते सगळं गेलं. रूळ उखडले त्याच वर्षी दुकानाला कुलूप लागलं. उरलं चर्च आणि खडीचे रस्ते.

त्यातल्या एका रस्त्याच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, डीर्क्सांचं घर होतं. भोवतालचं शेत केव्हाच शेजाऱ्याला विकलेलं. घरात ऑर्व्हलची थोरली बहीण व्हर्लीन एकटीच राहायची. बायको वारल्यापासून ऑर्व्हल चौरस्त्याजवळ राहत होता, तोही एकटाच.

मार्चमधल्या पुराने त्या रस्त्यावरचा पूल खचला. ग्रेडर ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाउनशिपच्या रहिवाशांची बैठक भरली. रस्त्यांचं काम पाहणारा मर्लिन हार्म्स बुटांकडे बघत म्हणाला, "एका घरासाठी नवा पूल... कसं जमायचं?"

"व्हर्लीनला होडी घेऊन देऊ," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. ऑर्व्हलही हसला. मग रस्ता कायमचा बंद करायला हात वर झाले, त्यात त्याचाही होता.

"ऑर्व्हल, ते काम मी करतो," बाहेर आल्यावर मर्लिन म्हणाला. "तू घरी थांब."

"रस्ता माझा आहे. मीच करतो."

दुसऱ्या दिवशी तो पुढच्या रस्त्याच्या पुलावरून ओढा ओलांडून, शेजाऱ्याच्या शेतातून ट्रक घालून बहिणीकडे गेला. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"हात वर केलास म्हणे."

"केला."

"आणखी कुणी?"

"सगळ्यांनी."

"मग तुझ्या एकट्याच्या नाहीने काय होणार होतं म्हणा." तिने बटाटा पातेल्यात टाकला. "मला बरं वाटलं असतं, एवढंच."

त्याने खोकी आत आणली आणि कपबशा कागदात गुंडाळायला बसला. त्या आठवड्यातच व्हर्लीन त्याच्याकडे राहायला आली. त्याची कॉफी म्हणजे डबक्याचं पाणी आहे, असं तिने पहिल्याच सकाळी सांगून टाकलं.

ऑर्व्हलने पुलाच्या अलीकडे मातीचा बांध घातला, रस्त्याची पाटी उपटली, पलीकडची खडी खरवडून गोळा केली. ग्रेडरचं पातं कुठे उचलायचं, कुठे दाबायचं, हे हात आपोआप करत होते. आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत होता. नुसताच कंटाळा आला.

रिकामं घर आग विझवणाऱ्या गावकऱ्यांच्या पथकाला सरावासाठी दिलं. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यांनी ते पेटवलं, विझवलं, पुन्हा पेटवलं आणि शेवटी जळू दिलं. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला आले होते. व्हर्लीनने पथकासाठी हॅम सँडविच आणली होती. छप्पर आत कोसळलं तेव्हा ती मर्लिनला विचारत होती, मोहरीचा सॉस आणखी हवा का म्हणून.

परतताना ट्रकमध्ये ती म्हणाली, "तुला रडू आलं?"

"नाही."

"मलाही नाही. आपल्या दोघांचं काहीतरी बिनसलंय."

"असेल."

"डॉक्टरला विचारावं का?"

"काय सांगशील त्याला?"

तिने थोडा विचार केला. "राहू दे," ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली घेतली, कारण केसांना धुराचा वास येत होता.

पुढल्या वसंतात शेजाऱ्याने घराच्या जागेवर आणि रस्त्यावरही मका पेरला. रस्त्याची माती वर्षानुवर्षं दबलेली, तिथली रोपं खुरटी राहिली. ऑर्व्हलला ती पट्टी ग्रेडरवरून दिसायची. तो पुढच्या रस्त्याला वळायचा.