झडतीबाईंचं इंग्रजी

कारखान्याच्या फाटकावर बायकांच्या पिशव्या तपासण्यात तिची इतकी वर्षं गेली होती, की तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते निघे. एरवी सगळ्यांच्या तोंडी झडतीबाई. डब्याच्या तळाशी दडवलेली पितळी फिरकी, अंबाड्यात गुंडाळलेली तांब्याची तार, असं काय काय तिने हुडकून काढलं होतं. त्यामुळे समोरचा माणूस गोड हसला, की ती आधी त्याच्या हातांकडे बघे.

दिवसभर उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. अशात मोठ्या दारापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायला एक टेबल टाकायचं ठरलं. टेबलामागे खुर्ची होती, म्हणून तिने लगेच अर्ज केला. साहेब म्हणाले, "बाई, जागा तुम्हालाच द्यायला हवी. पण बाहेरचे लोक येतात, थोडं इंग्रजी बोलता आलं पाहिजे."

शिकवणी लेकीने ठरवली. खालच्या मजल्यावर एक म्हातारे मास्तर एकटेच राहत, मुलगा परगावी. ऐन उमेदीत जहाजांवर गिटार वाजवत हिंडलेले. निम्मं बोलणं इंग्रजीतच.

"फी किती?" झडतीबाईंनी विचारलं.

"नको म्हणाले."

"मग काय हवंय त्यांना?"

"आई, प्रत्येकाला काहीतरी हवं असतंच असं नाही."

"असतं. कुठं दडवलंय एवढंच शोधायचं असतं."

पहिल्या दिवशी ती गेली ती एक चप्पल दाराच्या फटीत अडकवूनच आत शिरली. दार पुरतं लागायला नको. मास्तरांनी तिला खिडकीसमोरच्या खुर्चीत, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसवलं. पुस्तक नाही, फळा नाही. त्यांनी रेकॉर्ड वाजवायच्या जुन्या पेटीवर एक रेकॉर्ड लावली. गिटारचा आवाज एवढा मोठा, की कपाटाची काच थरथरायला लागली.

"काय ऐकलं?" रेकॉर्ड थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"गिटार."

"कशी होती?"

"मोठ्यानं होती."

मास्तर हसले. मग एकेक शब्द देत गेले. बोट तारेवर पहिल्यांदा पडतं तो अटॅक. सूर ओढून वर नेला की बेंड. सूर मरत नाही, रेंगाळतो, तो सस्टेन. चमकता सूर तो ब्राइट. एक वादक क्लीन, दुसरा डर्टी.

"डर्टी म्हणजे घाणेरडा ना?"

"इथे ती तारीफ आहे."

हे काही तिला पटलं नाही. घाणीला तारीफ म्हणणारा माणूस उद्या चोरीला काय म्हणेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तरी ती जात राहिली. शब्द मात्र चिकटत होते. जहाजावरच्या एका बाईचं वादन मास्तर सांगायचे, ती टेंडर वाजवायची, म्हणजे हळुवार. पण मधेच स्टबर्न व्हायची, म्हणजे हट्टी. झडतीबाई फाटकावर पिशव्या उचकताना मनात घोकत, ही टेंडर, ती स्टबर्न, ही पलीकडची नुसतीच लाऊड.

पण संशय जाईना. एक तर मास्तर सारखे तिच्या तोंडाकडे बघत. डोळ्यांकडे नाही, नेमकं ओठांकडे. नवऱ्यामागे इतकी वर्षं मान खाली न घालता काढलेली बाई ती. ती पदर ओढून घेई. दुसरं, तिने एकदा ऐकलेलं सांगितलं, की ते 'अगेन, स्लो, फ्रॉम द टॉप' म्हणत, म्हणजे पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून सांगायला लावत, आणि सांगून झालं की डोळे मिटून बसत. तिसरं, रेकॉर्ड चालू असली की त्यांचा तळवा कायम स्पीकरवर. यात काहीतरी काळंबेरं आहे, असं तिने लेकीला सांगितलंही.

"तुला सगळ्यातच काळं दिसतं," लेक म्हणाली.

मग तिने आपल्या पद्धतीने झडती घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी मास्तर पाठमोरे, खिडकीशी उभे होते. रेकॉर्ड फिरत होती. त्यांची बोटं चौकटीवर हलत होती. तिने हळूच उठून आवाजाचं बटण फिरवत फिरवत पार बंद केलं.

खोलीत चिडीचूप. मास्तरांची मान डोलतच होती.

"हां, आता ऐका," ते म्हणाले, "आता येतोय तो बेंड. कसा वर नेतो बघा. सुंदर."

हाती मुद्देमाल लागला की तिच्या पोटात एक गारवा पसरे. तसा तो पसरला, पण या वेळी टिकला नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, आवाज बंद आहे."

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग वळून पेटीकडे. खिडकीच्या कट्ट्यावर ते टेकले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुम्ही यायच्या आधीपासून. समोर बसून बोललेलं थोडंफार कळतं, बाकीचं ओठांवरून. गिटार मात्र गेली."

"म्हणजे तोंडाकडे बघता ते त्यासाठी?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

तिने वळून रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली.

मास्तरच पुढे बोलले. "या रेकॉर्डी मला पाठ आहेत. पण पाठ असलेलंही झिजतं हो. कोणी आत्ता ऐकून सांगितलं, की परत ताजं होतं. सांगणारा माणूस हवा होता मला. आणि सांगायला शब्द हवेत, म्हणून आधी ते तुम्हाला दिले."

"म्हणजे फुकट नव्हतंच."

"नव्हतं."

तिला एकदम हायसं वाटलं. इतक्या दिवसांत तो माणूस तिला पहिल्यांदाच कळला होता.

"तुमच्या मुलाला ठाऊक आहे?"

"कळलं तर मला स्वतःकडे नेईल. ही पेटी कोपऱ्यात धूळ खाईल. सांगू नका."

पकडलेल्याला तिने आजवर कधी सोडलं नव्हतं. यांनाही सरळ सोडलं नाही. थोडे दिवस खाली फिरकली नाही, मग एका सुट्टीच्या दिवशी चप्पल बाहेर काढून आत गेली आणि म्हणाली, "कानाला यंत्र लावून घ्या. मी येते बरोबर. नाहीतर मुलाला फोन करते."

मास्तर कुरकुरले, पण आले. यंत्राने माणसांचं बोलणं, दाराची कडी, शिट्टी मारणारा कुकर सगळं ऐकू यायला लागलं. गिटार मात्र पत्र्यावर खिळे सांडल्यासारखी वाजे. म्हणून रेकॉर्ड लावली, की ते यंत्र काढून खिशात टाकत, संपली की परत लावून विचारत, "काय ऐकलं?"

टेबलाच्या मुलाखतीला दोन साहेब होते. एकाने तिला इंग्रजीत विचारलं, आलेला माणूस खोटं बोलतोय हे कसं ओळखाल? झडतीबाई जुळेल तशा इंग्रजीत म्हणाल्या, मी त्याचा अटॅक ऐकते. खरा माणूस क्लीन असतो. खोटा आधी फार ब्राइट, मग हेझिटेट करतो. मी म्हणते, अगेन, स्लो, फ्रॉम द टॉप. दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला वाटलं, गेली खुर्ची.

खुर्ची मिळाली. फाटकावरच्या बायका म्हणायला लागल्या, आता आमच्या बाई पाहुण्यांनाही वाजवून घेतात.

शिकवणी काही थांबली नाही. मुलाने कुठूनशी एक नवी रेकॉर्ड पाठवली, मास्तरांनी कधीच न ऐकलेली. पाकिटावर वादकाचा फोटो नव्हता. झडतीबाईंनी पुरी बाजू ऐकली आणि शब्द लावत सांगितली. मास्तर यंत्र कानाला लावून, डोळे मिटून ऐकत होते.

"पोरगा दिसतोय," ते म्हणाले. "नवा. घाई आहे त्याला."

"छे. म्हातारा आहे. घाईचं नाटक करतोय. काहीतरी लपवतोय."

"फास्ट वाजवतोय म्हणता ना?"

"फास्ट आहे. पण दमतो तिथे थांबतो, आणि थांबणं झाकायला जोरात अटॅक करतो."

मास्तरांना ते पटेना. रेकॉर्ड पुन्हा लावली, बाई पुन्हा सांगू लागल्या, आणि वरून लेक चहाला हाका मारत राहिली.