तात्यांची किक

किस्सा घडवायचा म्हणून कुणी गॅरेजात येत नाही. माणूस तेरा नंबरचा पाना शोधत असतो, पाना सापडत नाही, किस्सा मात्र होऊन जातो. उमरग्याला हायवेच्या कडेला माझं लेथ आहे आणि भिंतीला भिंत लावून महबूबचाचांचं गॅरेज. लेथखालचा लोखंडाचा चुरा मी रोज संध्याकाळी झाडून काढतो. हे किस्से तेवढे झाडायचे राहून गेले.

त्यातले निम्मे तरी एकाच गाडीचे आहेत. गाडी माकणीच्या दत्ताची. दत्ता आमचा दोस्त, वजन अठ्ठेचाळीस किलो. त्यानं हैदराबादहून एक जुनी क्वाड बाईक आणली. चार जाड चाकं, वर मोटरसायकलसारखं हँडल आणि आत शर्यतीचं टू-स्ट्रोक इंजिन. रस्त्यावर चालवायचे कागद नव्हते, त्यामुळं ती कायम पिकअपमध्ये चढून यायची. चाचा म्हणायचे, "गाडी बैठके आती, मालक चलाके लाता."

दत्ताच्या वडलांनी, म्हणजे तात्यांनी, ती पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही वढती काय?"

"वढत न्हाय तात्या, पळती."

"चार चाकं हायती. कायतरी वढलंच पायजे."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की माकणीच्या बाजूला मोठं मैदान उघडं पडतं. आसपासची गाडीवेडी पोरं तिथं दरसाल शर्यत लावतात. दोन वर्षं दत्ता शेवटून दुसरा आला. तेव्हा तात्यांनी सांगून टाकलं, "यंदा पयला आलास तर गाडी तुझी. न्हाय तर माझी." आणि दुसऱ्याच दिवशी दोनशे लिटरची प्लास्टिकची टाकी आणून गोठ्यात ठेवली. गाडीच्या मागं टाकी, टाकीला पंप, आणि सोयाबीनवर फवारणी. सगळं ठरलेलं. दत्ता सकाळी धार काढायला गोठ्यात जायचा, ती टाकी बघायचा आणि सरळ आमच्याकडं यायचा.

*

टू-स्ट्रोकची निम्मी ताकद सायलेन्सरच्या पाईपात असते. मधे पोट सुटलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता असा पाईप लागतो. पत्र्याचे शंकू करून एकाला एक जोडायचे. मापं दत्तानं मोबाईलवरून काढली होती, पण सपाट पत्र्यावर शंकू आखायचा कसा, यावर मी आणि चाचा दोन दिवस भांडलो. शेवटी समोरच्या दुकानातल्या विठ्ठलमामा शिंप्याला बोलावलं.

मामानं मापं बघितली. "ही तर बाहीच हाय," म्हणाला आणि पंधरा मिनिटांत कागदावर सात तुकडे आखून दिले.

पत्रा कापला, वळवला, कडेला कड लावून वेल्डिंग केलं. पाईप दिसायला एक नंबर. गाडी मात्र पहिल्यापेक्षा हळू. टेप लावून बघितलं तर प्रत्येक तुकड्याचा घेर ठरल्यापेक्षा इंचभर जास्त. मामाला जाब विचारला.

"मार्जिन सोडलंय की," मामा म्हणाला. "दोन्हीकडं अर्धा अर्धा इंच. उद्या अंगानं भरली तर उसवून सैल करता यायला नको व्हय?"

*

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच ऑईल मिसळावं लागतं. दत्तानं कुठंतरी ऐकलं की जुने रेसवाले एरंडेल घालायचे. गेला घाण्यावर. घाणेवाला म्हणाला, "एरंडेल संपलं. करडीचं न्या, आत्ताच काढलंय." दत्तानं विचार केला, तेल ते तेल.

गाडी सुरू झाली आणि सगळ्या गल्लीत भजी तळल्याचा वास सुटला. शेजारच्या बँकेतला शिपाई प्लेट घेऊन आला. चाचांनी त्याला सरळ सांगितलं, "आज नै मिलता. कल आव."

पिस्टनवर बसलेला चिकट थर खरवडायला मला दोन दिवस लागले.

*

गाडीत पेट्रोल कमी जातंय का जास्त, हे चाचा प्लग काढून सांगतात. प्लग काळा असला तर जास्त, पांढुरका असला तर कमी, आणि चहाच्या रंगाचा असला तर बरोबर. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. त्यामुळं गॅरेजामागच्या मैदानात गाडीची चक्कर झाली की प्लग निघायचा, समोरून कटिंग यायचा आणि चाचा प्लग ग्लासाला लावून बघायचे. "प्लग झूट नै बोलता," हे त्यांचं वाक्य. चाळीस वर्षं त्यांचा हाच हिशोब आहे आणि तो कधी चुकला नव्हता.

शर्यतीच्या महिनाभर आधी तो चुकला. प्लग ग्लासाच्या रंगाशी तंतोतंत जुळलेला, आणि गाडी तिसऱ्या फेरीत गचकन थांबली. पिस्टन जाम. कार्बोरेटर उघडला, सगळं नीट. पेट्रोल चाळून बघितलं, तेही नीट. चाचांनी दोन दिवस दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला नाही. मला त्यांचं वाईट वाटलं, खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी चहाचा घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरला. रंग नेहमीपेक्षा फिका. चहावाल्याला हाक मारली. "काय रे, चहात काही बदललंय का?"

तो खूष झाला. "वळखलं व्हय? घरची म्हैस व्यायलीय. पंधरा दिवस झाले, दूध वाढवलंय."

चाचांनी त्या दिवसापासून एका जुन्या प्लगला दोरी बांधून तो भिंतीवर टांगला. रंग बघायचा तर तो बघायचा. चहा मात्र वाढीव दुधाचाच प्यायचा.

*

मग हेड घासलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं तोंड लेथवर थोडं उतरवलं की आतला दाब वाढतो आणि गाडी जोरात पळते. हे काम माझं. मी घासलं, चाचा म्हणाले, "बस." दत्ता म्हणाला, "शिवा, अजून केसभर." मला त्या टाकीची आठवण होती. मी अजून केसभर घेतलं.

गाडी जोडली. दत्तानं किक मारली, किक हलली नाही. मग तो दोन्ही पायांनी किकवर चढून उभा राहिला. किक तिथंच, दत्ता वरती. चाचा त्याला म्हणाले, "वहाँ से सोलापूर दिखताय क्या?"

मी प्रयत्न केला तर किकनं पाय उलटा फेकला. घोटा सुजला आणि तीन दिवस मी स्टुलावर बसून लेथ चालवलं. चाचांचे गुडघे केव्हाच गेलेले. हेड घासलेलं परत भरून येत नाही, आणि झाकणाखाली जाड गॅस्केट टाकून दाब कमी करायला दत्ता तयार नव्हता. थोडक्यात, आम्ही तालुक्यातली सगळ्यात वेगवान गाडी तयार केली होती. ती फक्त सुरू होत नव्हती.

*

सोमवारी तात्या तूर विकायला बाजारात आले होते. वजन पंच्याण्णव किलो, पायात करकर वाजणारी चप्पल. तुरीचा काटा व्हायला वेळ होता म्हणून गॅरेजात येऊन बसले. आमच्या तिघांचे हाल त्यांनी पाऊण तास बघितले.

"सरका," म्हणाले.

धोतर खोचलं, उजवा पाय किकवर ठेवला आणि नुसतं वजन टाकलं. एका किकमध्ये सुरू. तात्या दचकले, पण पाय मागं घेतला नाही. दत्तानं गाडी मागच्या मैदानात पळवून आणली आणि बंद करेपर्यंत ते उभेच होते.

"लई वरडती," एवढंच म्हणाले.

पुढच्या सोमवारी ते परत आले. त्याच्या पुढच्या सोमवारीही आले. तूर पहिल्याच सोमवारी विकून झाली होती.

*

शर्यतीच्या दिवशी धरणाच्या मैदानात सात गाड्या होत्या. तात्यांनी किक मारून गाडी सुरू करून दिली आणि दोरीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मी विचारलं, "तात्या, पहिला कोण यावा वाटतंय?"

"पेरणी तोंडावर आलीय, मागनं फवारणी हायच," ते म्हणाले.

दत्ता सुटला तो सुटलाच. मामाचं मार्जिन आम्ही कापून काढलं होतं, पाईप आता बरोबर बोलत होता. शेवटच्या फेरीपर्यंत दत्ता पहिला, आणि दुसरा बराच मागं. आमचे चाचा देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात काठानं चरत असलेली मेंढरं आवाजाला बुजली आणि सगळा कळप आडवा आला. दत्तानं ब्रेक दाबला. असल्या इंजिनाला हळू चालायची सवय नसते. ते बंद पडलं, ते नेमकं आमच्यासमोर.

दत्ता किकवर चढून उभा राहिला. आम्हाला पुढचं सगळं ठाऊक होतं. त्यानं इकडं बघितलंसुद्धा नाही.

नियम एकच होता, गाडी ढकलायची नाही. तात्यांनी दोरी उचलली आणि खालून वाकून गेले. साठीचा माणूस, भेगाळलेल्या मातीतून धोतर धरून पळत गेला. पोराला हातानं बाजूला केलं. पहिल्या किकला चप्पल सरकली. दुसऱ्या किकला पाय सरकून नडगीवर लागला, ते मला दोरीच्या बाहेरूनही दिसलं. तोवर दोन गाड्या मेंढरांना वळसा घालून निघून गेल्या. तिसऱ्या किकला गाडी पेटली.

दत्ता तिसरा आला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप माझ्या दारात. मागं क्वाड, क्वाडच्या शेजारी दोनशे लिटरची टाकी. दत्ता ड्रायव्हरच्या जागी बसून होता, उतरला नाही. तात्या लंगडत उतरले. शब्द तो शब्द, मला काही विचारायचं नव्हतं. मी टेप घेऊन पिकअपमध्ये चढलो आणि गाडीच्या मागं टाकीचं माप घ्यायला लागलो.

"तिकडं काय बघतूस?" तात्या म्हणाले. "टाकी मधनं काप. म्हसरांना पाणी प्यायला दोन हौद हुतील."

दत्तानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

तात्या पिकअपच्या फळीला धरून वर चढले. उजवा पाय उचलून गाडीच्या किकवर ठेवला, जरा मागंपुढं करून बघितला.

"आन् हितं जाड रबर बसव," ते मला म्हणाले. "काल दोनदा पाय सरकला."