वन्संचा ड्रीम पेट

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे दुरुस्त करून देतात. पँटची कंबर सैल करणं, ड्रेस आत घेणं, चेन बदलणं. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. दुपारी हातातलं काम हातावेगळं झालं की त्या टाचण्या काढतात, मशीनवर झाकण घालतात, टॅबलेट उघडतात आणि जनावरांच्या बाजारात निघून जातात.

हा बाजार खेळातला. माझ्या लेकीनं त्यांना लावलेला नाद. तिथलं आकाश सदा जांभळं, ऊन कधी चढत नाही, आणि चौकात माणसं आपापले प्राणी घेऊन नुसती उभी असतात. पंखांचे ससे, काचेची हरणं, ढगाएवढं मांजर. अंड्यातून काढायचे, वाढवायचे आणि अदलाबदल करायची. दोघांनी हिरवं बटण दाबलं की सौदा पक्का, मागे फिरणं नाही. मी शेजारी निवडण-टिपण करत बसते. खिडकीतून ऊन आत येतं, त्यात दोऱ्यांची कुसळं तरंगत असतात, आणि बघता बघता आपण नक्की कुठल्या खोलीत बसलोय याचाच मला विसर पडतो.

तिथली भाषाही निराळी. दोन्हीकडचं सारखं झालं तर ‘फेअर’. कमी दिलं तर ‘अंडर’, जास्त दिलं तर ‘ओव्हर’. थोडं कमी पडलं तर वरून टाकायचे किरकोळ प्राणी म्हणजे ‘ॲड्स’. आणि ज्याच्यासाठी जीव टाकावा तो ‘ड्रीम पेट’. वन्संच्या तोंडात ही भाषा इतकी बसली की एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला देऊन चेन फुकटात बदलून मागू लागलं, तर म्हणाल्या, "अंडर होतंय. ॲड्स टाका." तो बिचारा आ वासून बघत राहिला. भाजीवालीला मात्र सवय झालीय. आता तीच विचारते, "फेअर का, ताई?"

कोवळी, नवखी पोरं भलतंच देऊ करतात, तेव्हा वन्सं लिहितात, "बाळा, तुझा लॉस होतोय," आणि सौदा मोडतात. त्यामुळे तिथं त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण स्वतःही कुणाला कधी ओव्हर देत नाहीत. उभ्या जन्मात कुणाचं फुकट घेतलं नाही, कुणाला उगाच दिलं नाही. मी त्यांना तोंडावर चिक्कू म्हणते. त्या म्हणतात, "चिक्कू नाही गं. फेअर."

लहानाचं मोठं, मोठ्याचं आणखी मोठं करत करत, कितीतरी वर्षांनी त्यांनी आपला ड्रीम पेट मिळवला. चांदणबगळा. पांढराशुभ्र, उडाला की मागे उजेडाची रेघ उरते. वन्संनी लग्न केलं नाही, कधी स्वतःसाठी हौसेनं काही घेतलं नाही. त्याला उडवताना मात्र त्या स्वतःशीच हसतात. ते हसू बघून मला फार बरं वाटतं.

माझी लेक गेल्या हिवाळ्यात नोकरीसाठी दूर गेली ती माझ्याशी भांडून. चूक कुणाची ते इथं उगाळत नाही, माझी नव्हती. माझा फोन ती उचलत नाही. पण त्या जांभळ्या बाजारात येते, आत्याला भेटते.

"आज आली होती," वन्सं सांगायच्या. "तिचं हरीण मोठं झालंय."

"जेवते का नीट?"

"तिथं जेवण नसतं गं."

परवा दुपारी वन्संच्या हातात अर्धी शिवण होती आणि टॅबलेट वाजला. त्यांनी मानेनंच खूण केली, तूच बघ. मी बघितलं. सौद्याची चौकट उघडलेली. लेकीच्या बाजूला एक साधा ससा, आमची बाजू रिकामी.

काय लिहावं ते सुचेना. मग मी वन्संच्या प्राण्यांतलं हरीण ठेवलं. मांजर ठेवलं. आणि चांदणबगळाही ठेवला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. त्याचं मोल मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, म्हणूनच ठेवला.

मशीन थांबलं. वन्सं माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

चौकटीतला बगळा हळूहळू पंख हलवत होता. मग अक्षरं उमटली, "आत्या कधी ओव्हर देत नाही."

आणि त्याखाली, "आई, तू आहेस?"

मी लिहिलं, "हो."

"आई, असं नाही देत कुणी. तुझा लॉस होतोय."

मला रडू आवरेना. मी वन्संना विचारलं, "लॉस झाला तरी चालेल, याला तुमच्या या भाषेत काय म्हणतात?"

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "त्याला इथं शब्द नाही," त्या म्हणाल्या. "तू आपलं साधं लिही."

मी लिहिलं, "होऊ दे."

हिरवं बटण वन्संनी दाबलं.