सासुरवाडीमार्गे हिमालय

हिमालयात जायचं असेल तर वाटेत सासुरवाडी लागता कामा नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो आणि नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्ट करत होतो. माझा मित्र अरुण एकदा हिमालयात जाऊन आला होता, आणि तेव्हापासून पेणच्या बाजारात भाजी घेतानासुद्धा तो उंचीच्या गोष्टी करायचा. या वेळी त्याने मला आणि स्पेअर पार्टच्या दुकानवाल्या शफीला बरोबर न्यायचं ठरवलं. मी वेडाच झालो. वर्षभर पहाटे उठून तळ्याभोवती चाललो, बूट आणले, सॅक आणली. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना. तिथल्या रंगाऱ्याने मुकुटाच्या उरलेल्या सोनेरी रंगात सॅकवर ठसठशीत लिहून दिलं, 'वसंतराव, पेण'. (ही सुमनची, म्हणजे बायकोची सूचना. लग्नकार्यात भांडी हरवतात म्हणून ती डावावरसुद्धा नाव घालून घेते.)

सुमनची अट मात्र एकच होती.

"आधी माझ्या माहेरचा गड ही सॅक पाठीवर घेऊन चढून दाखवा. मग कुठं जायचं तिथं जा. माझे भाऊ येतील वाट दाखवायला, म्हणजे खोटं बोलायचा प्रश्न नको."

अरुणला ही कल्पना फारच आवडली. "बरोबर आहे वहिनींचं. जो स्वतःची सॅक वर पोचवेल तोच हिमालयात येईल," त्याने जाहीर केलं. मीही मान डोलावली. तळ्याभोवती चाललेला माणूस मी, मला कसली भीती?

एका रविवारी सकाळी सुमनला घेऊन आम्ही तिघे पॅसेंजरने निघालो. कासू गेलं, नागोठणे गेलं, निडीला उतरलो. सुमनचं माहेर तिथून पुढे, गडाच्या अगदी पायथ्याला. माझे दोन मेहुणे, गणू आणि पांडू, वाटाडे म्हणून तयार होते. पांडू गोणपाटाच्या गाठीसारखा घट्ट, तर गणू फक्त आवाजाने मोठा. गणूने शेताच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाचे बैल थांबायचे.

चहा घेऊन लगेच निघायचं ठरलं होतं. निघालोही. शेजारच्या अंगणात चुलतसासूबाई उभ्या.

"जावयबापू, आमच्या दारावरना तसंच जातावं व्हय?"

आता एका दारात चहा घेतला की पुढच्या दारात नाही म्हणता येत नाही, आणि त्या गावातली निम्मी घरं सुमनच्या भावकीची. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी घावन, तिसऱ्या घरी तर कोंबडीच शिजत होती. "जावय गडावं चाललाय, उपाशी कसा धाडायचा?" असा त्यामागे विचार. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वेगळंच. अरुण आणि शफी शहाणे. ते प्रत्येक ताटातलं चाखून बाजूला सरकत होते. मी जावई, मला उष्टं टाकायची सोय नव्हती.

शेवटचं घर सुटलं तेव्हा मी पट्टा सैल करून सॅक पाठीवर घेतली. पांडूने ती मागच्या मागे काढून घेतली.

"भावजी, तुमच्या पाठीवं वझं? गाव काय म्हनेल आमाला?"

"अरे, पण तीच तर परीक्षा आहे," मी म्हणालो.

"परीक्षा तिकडं हिमालयात द्या. हितं नाय."

मी अरुणकडे पाहिलं. अरुण आकाशाकडे पाहत होता. शेवटी तह झाला. गाव दिसेनासं होईपर्यंत सॅक पांडूकडे, मग माझ्याकडे. अडचण एवढीच, की गडाची ती वाट सरळ गावासमोरच्या उतारावरून वर जाते. तासभर चढलो तरी मागे वळून बघावं तर सगळी भावकी अंगणात उभी राहून आमच्याकडे बघतेय. गाव काही दिसेनासं होईना आणि सॅक काही मिळेना.

एका सपाटीवर आल्यावर कोंबडी आणि बिरडं यांनी एकत्र येऊन माझे डोळे मिटायला घेतले. "तुम्ही व्हा पुढे, मी जरा टेकतो," मी म्हणालो. अरुण, शफी आणि सॅकसकट पांडू पुढे गेले. गणू माझ्यापाशी थांबला. मी सागाच्या सावलीत पाठ टेकली आणि लगेच घोरायला लागलो.

गणू कंटाळला. घरी निरोप द्यावा म्हणून तो कड्यावर गेला आणि बैल थांबवणाऱ्या त्या आवाजात खाली ओरडला, "भावजी आडवं झालं!"

त्याला म्हणायचं होतं, झोपले. गावाने ऐकलं ते वेगळंच.

मला जाग आली ती हलण्याने. वर आभाळ, दोन्ही बाजूला बांबू, आणि मी गोधडीच्या डोलीत. डोंगर उतरत होतो.

"अरे, मी ठीक आहे! खाली ठेवा मला!"

"बोलू नका भावजी, दम लागंल," एक खांदेकरी कळवळून म्हणाला. चौघे आणखी जोरात पळायला लागले.

अंगणात सासूबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. बायका कुजबुजत होत्या. सुमन गर्दीतून पुढे आली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि चुलतीला एवढंच विचारलं, "काकू, जेवले किती?"

काकूंनी सांगितलं. सुमन आत निघून गेली.

संध्याकाळी तिघे गडावरून परतले. पांडूच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. अरुणने त्याच्या पाठीवरची सॅक उतरवून ओटीवर ठेवली आणि घसा साफ केला. "नियम म्हणजे नियम, वसंता. सॅक ज्याने वर नेली तो येणार."

मला फार वाईट वाटलं. शफी माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला, त्यामुळे तर जास्तच. पण पांडूचा चेहरा असा उजळला होता, की मी पायातले बूट काढून त्याच्यापुढे सरकवले. दुष्टासारखे ते त्याला चपखल बसले.

पांडू हिमालयात जाऊन आला. परतल्यावर आधी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भावजी, तिथला वाटाड्या सॅक घ्यायला लय मागं लागला. मी हात लावू दिला नाय. म्हटलं, ही आमच्या जावयाची हाय."

त्याने आणलेला फोटो आमच्या बैठकीत लावलाय. मागे बर्फच बर्फ, अरुण आणि शफी हसतायत, पांडू पाठमोरा उभा राहून शिखराकडे बघतोय, आणि त्याच्या पाठीवर सोनेरी अक्षरं लखलखतायत.

घरी येणारे पाहुणे फोटोजवळ जातात आणि विचारतात, "यात तुम्ही कुठले, वसंतराव?"

मी काही बोलायच्या आत सुमन स्वयंपाकघरातून सांगते, "ते काय, माझ्या भावाच्या पाठीवर."